एबर्लेंच्या घरातली शेवटची फट

खरं तर गोटलोब एबर्ले यांना फक्त दुकान भाड्याने द्यायचं होतं. आता यात गाव गोळा करण्यासारखं काय आहे? पाटी लावायची, भाडेकरू बघायचा, किल्ली द्यायची आणि वरच्या मजल्यावर जाऊन वर्तमानपत्र वाचायचं. जर्मनीतल्या आमच्या श्वाबियात दुकानं अशीच भाड्याने जात आली आहेत. पण काळ बदलला की त्याचा पहिला फटका नेमका सरळ माणसाला बसतो, आणि एबर्ले इतके सरळ होते की त्यांच्या दुकानातल्या टोप्यासुद्धा कधी तिरक्या टांगलेल्या कुणी पाहिल्या नाहीत.

दुकान टोप्यांचं. टोपी घालणारी पिढी एकेक करून आटोपली, उरलेल्यांनी उघड्या डोक्याने हिंडायचं ठरवलं, तेव्हा एबर्लेंनी शटर ओढलं. मग जागेवर दोघांचा डोळा पडला. एक म्हणजे शेजारच्या साबण-शाम्पूच्या मोठ्या दुकानाचे मालक. त्यांना घर विकत हवं होतं, ते पाडून तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायच्या होत्या. दुसरी म्हणजे नगरपालिका. तिला तळमजल्यावर मुलांचं वाचनालय आणायचं होतं, कारण टाउन हॉलच्या तळघरातलं वाचनालय इतकं ओलं झालं होतं की गोष्टीतले कोल्हे-लांडगे बुरशीने पांढरे पडायला लागले होते. एबर्लेंना पोरंबाळं नव्हती. आपल्या दुकानात रोज दुपारी पोरांचा दंगा चालणार, या कल्पनेनेच ते इतके खूश झाले की त्यांनी नगरपालिकेच्या फोगेलेंना स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली. श्वाबियन माणसाने कॉफी पाजली म्हणजे व्यवहार पक्का समजायचा.

फोगेलेंनी कॉफी संपवली, कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, "आता तेवढा दाखला द्या."

"कसला दाखला? जिवंत असल्याचा?"

"घराचा हो. ऊर्जा दाखला. त्यावर एक पट्टी असते, हिरव्यापासून लालपर्यंत. घर किती ऊब खातं त्याप्रमाणे बाण येतो. आपल्या सभेत ठराव झालाय. पालिका यापुढे फक्त हिरव्यातलीच जागा भाड्याने घेणार. वर्षअखेरपर्यंत बाण हिरव्यात आणा, जागा आमची."

"आणि नाही आला तर?"

फोगेलेंनी खिडकीतून शेजारच्या साबणवाल्यांकडे बघितलं. "त्यांना दाखला लागत नाही," ते हळहळत म्हणाले. "पाडायच्या घराला कोण दाखला मागतं?"

एबर्लेंची कॉफी तिथेच निवली. या घराच्या माळ्यावर इर्मेलाने अख्खा जन्म टोप्या शिवल्या होत्या. इर्मेला म्हणजे त्यांची बायको. ती वर माळ्यावर लोकरीच्या जाड नमद्याला वाफ देऊन टोपी घडवायची, हे खाली दुकानात ती विकायचे. मधे जिने इतके उभे की वर-खाली करता करता माणूस उन्हाळ्यात वाळून जावा. म्हणून इर्मेलाच्या वडिलांनी भिंतीतून एक पितळी नळी घातली होती. वरून तिच्यात फुंकर मारली की खालच्या तोंडात बसवलेली शिटी वाजायची. मग खालच्या माणसाने शिटी काढून कान लावायचा. रोज दुपारी शिटी वाजायची, एबर्ले कान लावायचे आणि नळीतून इर्मेलाचा आवाज यायचा: "गोटलोब, जेवायला ये. आणि दिवा बंद करून ये." इतकी वर्षं हेच वाक्य. नंतर घरात टेलिफोन आला, मोबाइल आला, पण इर्मेलाचं म्हणणं, फुंकर फुकट असते. ती गेल्यावर एबर्लेंनी दुपारचं जेवण उभ्याउभ्या ब्रेत्सेलचा खारा पाव खाऊन भागवायला सुरुवात केली. त्यांचं वजन उतरलं. ते कुणाला काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी विचारत नाहीत.

तर दाखला. दाखला द्यायला लोरेन्झेन नावाचा तरुण इंजिनियर आला. आमच्या गावात ज्याचं आडनाव 'ले'वर संपत नाही तो बाहेरचा, आणि हा तर थेट उत्तरेकडच्या समुद्रकाठचा निघाला. उंच, गोरा, मोजकं बोलणारा. त्याने लेझरने भिंती मोजल्या, खिडक्यांना बोट लावून पाहिलं, तळघरातल्या बॉयलरसमोर तर थोडा वेळ टोपी काढल्यासारखा उभाच राहिला. मग वर येऊन त्याने पट्टी दाखवली. बाण लाल रंगाच्याही पुढे, कागदाच्या कडेला टेकला होता.

एबर्ले दुखावले. घराचा अपमान तो आपला अपमान. त्यांनी कपाटातून गॅसची सगळी जुनी बिलं काढली. "हे बघा तरुण माणसा! आख्ख्या गल्लीत सगळ्यात कमी गॅस माझ्या घरात जळतो. आम्ही हिवाळ्यात घरातसुद्धा टोपी घालून बसायचो. इर्मेला तर जेवतानाही काढायची नाही. हे घर खादाड कसं?"

लोरेन्झेनने बिलं शांतपणे पाहिली. "तुम्ही काटकसरी आहात, एबर्ले. घर नाही. दाखला घराचा निघतो, तुमचा नाही."

हे वाक्य एबर्लेंना इतकं लागलं की त्यांनी ते दुसऱ्या दिवशी खाटकाच्या दुकानात जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आता आमच्या गावात खाटकाचं दुकान म्हणजे निम्मी ग्रामसभा. दुपारी तिथे कुटलेल्या मांसाची भाजलेली गरम वडी कापून पावात घालून देतात, आणि तोंडात घास असला की सल्ला जास्त जोरात येतो. खाटीक म्हणाला, भिंतीत बुचाचा चुरा भरा. शाळेतले निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर म्हणाले, चुरा कसला, मेंढीची लोकर भरा, ती श्वास घेते. पाद्रीबाई म्हणाल्या, चर्च तर याहून गार असतं, पण लोक जवळजवळ बसले की चालतं. एकाच्या मेव्हण्याने भिंतीत गवत भरलं होतं आणि त्यात आता मधमाश्या राहायला आल्या होत्या, पण मध चांगला निघतो म्हणे. एबर्लेंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी लोरेन्झेनने सांगितलं तेच केलं. त्यामुळे सल्ला देणारे सगळे एकदम दुखावले गेले.

काम सुरू झालं आणि एकेक दुखणं वर यायला लागलं. बाहेरून भिंतीला ऊब अडवणारा थर लावावा म्हटलं तर वारसा खात्याच्या बाई आल्या. बाहेरचं लाकूडकाम जुनं, त्याला हात लावायचा नाही. खिडक्यासुद्धा जुन्यासारख्याच दिसल्या पाहिजेत. लोरेन्झेन म्हणाला, खिडक्या हवाबंद हव्यात. बाई म्हणाल्या, हवाबंद असू देत, पण तशा दिसता कामा नयेत. दोघे एबर्लेंच्या दुकानात समोरासमोर उभे राहून फार सभ्यपणे भांडले, आणि जाताना दोघांनीही एबर्लेंनाच बजावलं की दुसऱ्याची परवानगी आधी आणा. असा एक महिना गेला. अंगणात एक पांढरी पेटी येऊन बसली. ती गार हवेतून ऊब काढते असं सांगण्यात आलं. एबर्ले रोज सकाळी तिच्याभोवती एक फेरी मारून यायचे. ती काय करतेय याची त्यांना खात्री नव्हती, पण मालक आहे हे तिला कळलं पाहिजे असं त्यांचं मत होतं.

थर आतून लावायचं ठरलं. माळा मात्र तसाच ठेवला. तिथे आता कुणी राहत नव्हतं, म्हणून लोरेन्झेनने माळ्याची जमीन जाड करून घेतली आणि सांगितलं, इथून वरचं घर आपल्या हिशेबात नाही, तिथे वारा खुशाल फिरू दे. आतल्या भिंतींचं काम वेर्लेने घेतलं. वेर्ले हा आमच्याकडचा सगळ्यात जलद कारागीर. त्याला काम सांगून माणूस नाक शिंकरायला वळला तर काम झालेलं असतं. धूळ नको म्हणून एबर्ले आठवडाभर बहिणीकडे तळ्याकाठी गेले आणि परत आले तर दुकानाच्या भिंती गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र.

"खुंट्या, आकडे, पितळेचं काय काय होतं, सगळं आत गेलं!" वेर्ले अभिमानाने म्हणाला. "भिंत कशी दिसतेय? हात फिरवून बघा."

एबर्लेंनी हात फिरवला. गल्ल्याच्या मागे, कानाच्या उंचीवर, त्यांचा हात जरा थांबला. मग ते म्हणाले, "छान झालीय." तयार झालेली भिंत एवढ्याशासाठी फोडा म्हणायचं म्हणजे गावभर हसं. शिवाय ती नळी आता वाजणार तरी कशाला होती?

आता राहिली हवेची परीक्षा. घर हवाबंद आहे की नाही हे मोजल्याशिवाय बाण हिरव्यात जात नाही. त्यासाठी दुकानाच्या दारात लाल कापड ताणून बसवतात आणि त्यात एक मोठा पंखा लावतात. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो. मग घरात जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते, आणि ती जितकी कमी घुसेल तितका यंत्रावरचा आकडा चढतो. अट एकच. पंखा चालू असेपर्यंत कुणीही खिडकी उघडायची नाही.

ही अट इतर कुठल्याही देशात किरकोळ वाटली असती. पण एबर्लेंच्या घरात पहिल्या मजल्यावर नेगेलेबाई होत्या.

नेगेलेबाई एबर्लेंच्या जुन्या भाडेकरू, एबर्ले राहतात त्याच्या खालच्या मजल्यावर. कपडे दुरुस्तीचं त्यांचं छोटं दुकान. जिना झाडायची ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लावायची आमची रीत आहे. त्यांच्या दारावर ती पाटी नसली तरी त्या जिना झाडतात, आणि दुसऱ्याने झाडलेला पुन्हा झाडतात. पण त्यांचा खरा धर्म म्हणजे हवा. सकाळ-संध्याकाळ घरात हवा खेळवायची. बर्फ पडो, वीज पडो, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि आत कोंडलेली जुनी हवा हाकलून द्यायची. ज्या घरात हवा खेळवत नाहीत तिथे बुरशी होते, डोकं दुखतं आणि मुलं गणितात नापास होतात, असं त्या नुसतं मानत नाहीत तर उदाहरणं देतात.

पहिल्या परीक्षेच्या दिवशी लोरेन्झेनने पंखा लावला. पंखा घोंघावायला लागला, लाल कापड फुगलं, दारात जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली. पण यंत्रावरचा आकडा जागचा हलेना. लोरेन्झेन हातात धूर सोडणारी नळी घेऊन घरभर पळाला. जिन्यातला धूर वरून येणाऱ्या हवेने खाली ढकलला जात होता. तो वर गेला. नेगेलेबाईंच्या खोलीत चारी खिडक्या उघड्या, पडदे छताला लागलेले, आणि बाई मधे उभ्या राहून गादी झटकत होत्या.

"बाई!" उत्तरेच्या त्या मितभाषी माणसाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सांगितलं होतं ना, खिडकी उघडायची नाही!"

"मी कुठे उघडली?" नेगेलेबाई शांतपणे म्हणाल्या. "मी हवा खेळवतेय."

"उघडी खिडकी म्हणजे उघडी खिडकी!"

"तुमच्या समुद्रावर असेल. आमच्याकडे खिडकी उघडणं वेगळं आणि हवा खेळवणं वेगळं. उघडी खिडकी विसरली जाते. हवा खेळवली की पाच मिनिटांत बंद करायची असते. झाली का पाच मिनिटं? नाही झाली. मग?"

एबर्ले जिन्याच्या पायरीवर उभं राहून हे ऐकत होते. मनातून त्यांना बाईंचं पटत होतं, पण बाण त्यांचा होता म्हणून ते गप्प राहिले.

दुसरी परीक्षा पुढच्या आठवड्यात. या वेळी नेगेलेबाईंना खाली आणून खुर्चीवर बसवलं, समोर कॉफी आणि मनुकांचा केक ठेवला, शेजारी वेर्लेला बसवलं. पंखा सुरू झाला. आकडा चढायला लागला, अर्ध्यावर आला आणि तिथेच अडून बसला. पुन्हा धूर, पुन्हा जिना. जिन्यातली खिडकी वरच्या बाजूने आत कलती ठेवलेली सापडली. आमच्या खिडक्यांना हँडल वर फिरवलं की खिडकी नुसती आत झुकते, वर बोटभर फट राहते.

सगळ्यांनी नेगेलेबाईंकडे पाहिलं. बाईंनी केकचा तुकडा शांतपणे गिळला. "ती कलती आहे. उघडी कुठे आहे?"

लोरेन्झेन जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं. त्याला आमच्याकडे बदली होऊन सहा महिने झाले होते. त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी इथलीच, आडनाव 'ले'वर संपणारं. त्याला आपलं उरलेलं आयुष्य दिसत असावं.

तेवढ्यात फोगेलेंनी बातमी आणली. पालिकेची वर्षातली शेवटची सभा येत्या शुक्रवारी. त्याआधी दाखला हातात नसेल तर वाचनालय शेजारच्या गावी जाणार. साबणवाल्यांचे मालकही त्या दिवशी सहज म्हणून डोकावून गेले. त्यांनी पंखा बघितला, नवी भिंत टिचकीने वाजवून बघितली आणि एबर्लेंना गोड आवाजात म्हणाले, "कशाला या वयात एवढी दगदग? सही करा आणि तळ्याकाठी बहिणीकडे मजेत राहा. घर काय, विटा-लाकूडच असतं."

संध्याकाळी एबर्ले नेगेलेबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते त्यांच्याकडे काही मागायला कधी गेले नव्हते.

"नेगेलेबाई," ते म्हणाले, "एकदा. फक्त एकदा हवा खेळवू नका. तुम्ही खेळवलीत तर घर जाईल."

बाईंनी हातातला फ्रॉक खाली ठेवला. "एवढं होतं तर आधी बोलला का नाहीत? मला वाटलं, त्या मासेखाऊ पोराचं काहीतरी खूळ आहे." आणि त्यांनी स्वतः पेचकस घेऊन घरातल्या सगळ्या खिडक्यांची हँडलं काढली आणि ती एबर्लेंच्या हवाली केली. एक सोडून. ते त्यांनी ॲप्रनच्या खिशात ठेवलं. अगदीच बिनहँडलाचं राहणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि आपण ते वापरणार नाही हेही त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तिसऱ्या परीक्षेला निम्मं गाव जमलं. दुकानाच्या काचांना अजून रंगकामाचा कागद चिकटवलेला होता, म्हणून भरदुपारी आत दिवा लावावा लागला. खाटीक आला, पाद्रीबाई आल्या, नेगेलेबाई पुन्हा केकची बशी घेऊन खुर्चीवर बसल्या, फोगेले कागदांची पिशवी घेऊन आले. मास्तर लोकरीचा एक नमुना घेऊन आले होते, लागलाच तर असावा म्हणून. पंखा सुरू झाला. आकडा चढला. लोरेन्झेन प्लगपाशी, दारापाशी, टपालाच्या झडपेपाशी पट्ट्या चिकटवत फिरत होता, आणि एकेक पट्टी लागली की आकडा जरा जरा पुढे सरकत होता. पण हिरव्याच्या अलीकडे, अगदी थोडकं उरलं असताना, तो पुन्हा थांबला.

"अजून एक फट आहे," लोरेन्झेन म्हणाला. "कुठेतरी एकच आहे, आणि चांगली मोठी आहे." त्याने पंख्याचा जोर वाढवला.

आणि भिंतीतून शिटी वाजली.

आधी बारीक, चिरकी, वाफेच्या किटलीला आवाज फुटतो तशी. मग जोर धरून लांब, सरळ, स्वच्छ. गल्ल्याच्या मागून, कानाच्या उंचीवरून.

गोटलोब एबर्ले गल्ल्यापाशी उभे होते. त्यांचा हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला. दिवा विझला. "आलो, आलो गं!" ते म्हणाले, आणि अंधारात जिन्याकडे चालायला लागले.

दोन पायऱ्या चढल्यावर त्यांना कळलं. ते थांबले. दुकानात कुणी हलेना. नुसता पंखा घोंघावत होता आणि त्यावरून शिटी वाजत होती. नेगेलेबाईंनी केकची बशी मांडीवर तशीच धरून ठेवली होती.

कुणीतरी दिवा लावला. एबर्लेंचे कान लाल झाले होते. ते जिन्यावरूनच, कुणाकडे न बघता, शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात म्हणाले, "भिंतीत नळी आहे. वर माळ्यावर निघते."

"नळी!" लोरेन्झेन ओरडला. "माळ्यावर? बाहेरच्या हवेत? एबर्ले, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? फटी कुठे आहेत म्हणून मी तुम्हाला रोज विचारत होतो!"

एबर्लेंनी त्याच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. त्यांच्या लेखी ती फट नव्हतीच. ती इर्मेला होती.

वेर्लेने भिंत कापली. पितळी तोंड हिरवट पडलं होतं, पण शिटी जागच्या जागी होती. एबर्लेंनी ती काढून रुमालाने पुसली. मग ते माळ्यावर जाऊन इर्मेलाच्या पेटीतून नमद्याचा एक तुकडा घेऊन आले, गडद निळा, कुणा बाईच्या कधीच न झालेल्या टोपीचा. खाटकाने बुचाचं लाकूड तासून दिलं. त्यावर नमदा गुंडाळला आणि नळीचं तोंड घट्ट बंद केलं. लोरेन्झेनने पंखा पुन्हा लावला. आकडा सरसर चढला, थोडकं उरलेलंही ओलांडून पुढे गेला.

"हिरवा," लोरेन्झेन म्हणाला.

मग जी आरडाओरड झाली तिला आमच्याकडच्या मानाने जल्लोष म्हणायला हरकत नाही. फोगेलेंनी सगळ्यांशी हात मिळवले. पाद्रीबाईंनी वेर्लेचा मुका घेतला आणि मास्तरांनी लोकर फुकट दिली, तीही कुणी न मागता. "पोरं सोमवारपासून येतील बघा," फोगेले पिशवी भरत म्हणाले. नेगेलेबाई या गडबडीत कधी निसटल्या ते कुणाला कळलं नाही.

लोरेन्झेनने पंख्याची वायर गुंडाळायला घेतली. एबर्ले त्याच्याजवळ गेले.

"जरा एकदा बूच काढून लावता का पंखा?"

"कशाला? माप झालं की. दाखला पक्का."

"माझं नाही झालं," एबर्ले म्हणाले.

लोरेन्झेनने त्यांच्याकडे पाहिलं. त्या उत्तरेच्या माणसाच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटत नाही, पण त्याने गुंडाळलेली वायर मुकाट्याने सोडली. एबर्लेंनी बूच काढून शिटी बसवली. पंखा फिरला. सगळे कान देऊन उभे राहिले. भिंतीतून नुसता फुसफुस आवाज आला. जोर वाढवला, तरी फुसफुसच. एबर्लेंनी शिटी काढून पुन्हा बसवली. "मघाशी वाजली होती," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ऐकली ना?"

"हवा दुसरीकडून येतेय," लोरेन्झेन म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना एकदम छताकडे वळल्या.

वरच्या मजल्यावर, परीक्षा पास झाल्या झाल्या, नेगेलेबाईंनी ॲप्रनमधलं हँडल काढून खिडक्या सताड उघडल्या होत्या. घर सकाळपासून कोंडलेलं, त्यांचा जीव घुसमटला होता. त्यांनाही खालची ती फुसफुस जिन्यातून ऐकू आली. पंखा पुन्हा का लावला ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या जिन्याच्या कठड्यापाशी आल्या, वाकून खाली पाहिलं. गल्ल्यामागे भिंतीला कान लावून उभे असलेले एबर्ले त्यांना दिसले. हवा खेळवून एक मिनिटही झालं नव्हतं.

त्या परत आत गेल्या. आम्ही खालून ऐकलं. एक खिडकी लागली. दुसरी. तिसरी. चौथी.

आणि शिटी वाजली. घरभर.

नेगेलेबाई जिना उतरून खाली आल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या. "अहो, उभे काय राहिलात? जा ना वर," त्या म्हणाल्या. "वेर्ले भिंत कापत होता तेव्हाच मी मसुरीची डाळ आणि श्पेट्झलेच्या शेवया गॅसवर करून ठेवल्यात तुमच्या स्वयंपाकघरात. निवून जातील."

एबर्लेंनी मान हलवली. ते जिन्याकडे निघाले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि मग काहीतरी विसरल्यासारखे परत फिरले. गल्ल्यापाशी आले आणि त्यांनी दिवा बंद केला.

आम्ही सगळे अंधारात उभे होतो, लोरेन्झेन तर यंत्र हातात धरून. पण दिवा परत लावायला कुणी पुढे झालं नाही. एबर्लेंची पावलं वर वर जात होती, आणि ती जेवणाच्या टेबलापाशी पोचेपर्यंत लोरेन्झेनने पंखा बंद केला नाही.